वडिलांना हंटिंग्टन हा मेंदूचा आजार निघालाय, मेंदूत प्रोटीन साठतं म्हणे, म्हणून आईनं डाळ-अंडी बंद केलीत. माझं लग्न ठरतंय, मी आणि 16 वर्षांच्या धाकट्या भावानं टेस्ट करावी का? आईला घाई झालीय.

ताई, आधी बाबांची डाळ आणि अंडी सुरू करा, आजच्या आज. प्रोटीन साठतं हे खरंय पण ते ताटातनं गेलेलं नसतंच, ते मेंदूची पेशी स्वतः बनवते. चौथ्या क्रोमोसोमवर, म्हणजे गुणसूत्रावर, एक जीन आहे, त्यात सीएजी ही डीएनएची तीन अक्षरं परत परत येतात, आपल्या सगळ्यांच्यातच येतात, पण 40 किंवा जास्त वेळा आली की त्यावरनं बनणारं हंटिंग्टिन प्रोटीन नको तेवढं लांब होतं, त्याची घडी नीट पडत नाही, एकमेकाला चिकटून गोळे होतात, पेशीला ते साफ करता येत नाहीत आणि हळूहळू पेशीच मरतात. पथ्य पाळून हे थांबत नाही. उलट या आजारात वजन फार उतरतं, तूप, साय, केळं, खीर सगळं द्या, फक्त ठसका लागतोय का बघा. लागत असेल तर मऊ करून, सरळ बसवून, टीव्ही बंद ठेवून भरवायचं.

माझ्या मावशीच्या यजमानांना होता हा. तासगावकडं त्यांची द्राक्षबाग, विरळणीच्या वेळी काकांच्या हातातनं कात्री सुटायची, बोटं पेटी वाजवल्यासारखी आपोआप हलायची, चालताना झोक जायचा, तर गावानं ठरवूनच टाकलं की हा सकाळीच घेऊन येतो. आयुष्यात थेंबाला शिवला नव्हता माणूस! मला अजून राग येतो त्याचा. चिडचिड, संशय, गप्प बसणं हेही आजारातलंच असतं, बाबा मुद्दाम करत नाहीत, हे आईला सांगा. आपोआप होणारी हालचाल कमी करायला टेट्राबेनाझिन नावाचं औषध देतात, त्यानं आजार थांबत नाही, आणि उदासी वाढू शकते म्हणून मूडवर लक्ष ठेवा.

आता टेस्टचं. बाबांकडनं हा बिघडलेला जीन यायची प्रत्येक मुलाला 50 टक्के शक्यता, मुलगा असो की मुलगी, आणि भावाला निघाला म्हणून तुम्ही सुटलात असं नसतं, दोघांचा हिशोब वेगळा. तुमच्यात नसेल तर तुमच्या पोरांनाही तुमच्याकडनं जाणार नाही. टेस्ट साध्या रक्ताचीच आहे पण एकदा कळलं की ते विसरता येत नाही, म्हणून आधी जेनेटिक काउन्सेलिंग, म्हणजे आनुवंशिक आजारांच्या जाणकाराचा सल्ला, घ्याच. बेंगळुरूच्या निमहान्स या मेंदू-मनाच्या आजारांच्या हॉस्पिटलात होतं, मिरजेहून रेल्वे आहे. माझ्या मावसबहिणीनं लग्नाआधी केली, मावसभाऊ करत नाही म्हणतो, दोघांचंही मला पटतं.

पण मुलाकडच्यांना नाही तरी निदान त्या मुलाला लग्नाआधी स्वतः सांगा, टेस्ट करा किंवा नका करू. नंतर बाहेरनं कळलं तर संसाराला तडा जातो. आणि पॉझिटिव्ह आली तरी मूल होऊच द्यायचं नाही असं काही नाही, आयव्हीएफमध्ये, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या पद्धतीत, गर्भ तपासून घेता येतो, खर्चिक आहे पण मार्ग आहे.

भाऊ 16 चा आहे म्हणता, लक्षणं काहीच नाहीत, मग त्याची आत्ता करू नका. 18 च्या आत अशी टेस्ट सहसा करतही नाहीत. आईला घाई झालीय ते समजतं, पण हा निर्णय त्याचा आहे, मोठा झाल्यावर तो घेईल.