‘शहर आणि गुन्हेगारी’ शिकवायचंय; पण जागा कुठल्या विषयात निघते?

सोलापूरहून एका वडिलांचं पत्र आलंय. ते स्वतः पोलीस खात्यात आहेत. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, समाजशास्त्र घेऊन. शहरं आणि गुन्हेगारी या विषयात पुढे शिकून तिला प्राध्यापक व्हायचंय. त्यापेक्षा तिनं पीएसआयची तयारी करावी, असं यांना वाटतं. त्यांचा प्रश्न: ‘या विषयाला विद्यापीठात जागा तरी असतात का?’

नमस्कार,

या नावानं कॉलेजच्या जाहिरातीत जागा शोधाल तर हाती फारसं लागणार नाही. जागा निघतात त्या समाजशास्त्र, भूगोल, समाजकार्य, राज्यशास्त्र, विधी या नावांनी. सहायक प्राध्यापकाला संबंधित विषयातली पदव्युत्तर पदवी लागते, किमान 55 टक्क्यांची (राखीव प्रवर्गाला 50), आणि सोबत नेट (देशपातळीवरची पात्रता परीक्षा) किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा). अर्जांच्या छाननीत आधी पदवीवरचा विषय बघतात. तुमची मुलगी किती हुशार आहे हे त्यानंतर. नवनवीन नावांच्या एम.ए. ऐकायला छान वाटतात, पण छाननीच्या टेबलावर ‘हा विषय संबंधित धरायचा का?’ असा वाद त्यांच्यावरूनच होतो. म्हणून एम.ए. समाजशास्त्रातच करू द्या. शहर आणि गुन्हेगारी पीएच.डी.च्या विषयात येऊ दे. तिथं तिला कोणी अडवणार नाही.

नेटमध्ये क्रिमिनॉलॉजी, म्हणजे गुन्हेगारीशास्त्र, हा स्वतंत्र विषय आहे, नगर अभ्यासाचा वेगळा पेपर मात्र नाही. क्रिमिनॉलॉजीचे जुने विभाग मद्रास, सागर, धारवाड इथल्या विद्यापीठांत आहेत. गांधीनगरला न्यायवैद्यक आणि सुरक्षा या विषयांची दोन राष्ट्रीय विद्यापीठं झाली. म्हणजे फक्त क्रिमिनॉलॉजीवर भिस्त ठेवली तर राज्याबाहेर जायची तयारी हवी. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत, म्हणजे ‘टिस’मध्ये, गुन्हेगारी-न्यायाचा आणि नगर धोरणाचा असे दोन्ही अभ्यास एकाच आवारात होतात. तिथं जायचं तर सीयूईटी-पीजी ही पदव्युत्तर प्रवेश परीक्षा द्यावी लागेल. लक्षात ठेवा, तिथला गुन्हेगारी-न्यायाचा अभ्यासक्रम समाजकार्याखाली येतो. तो घेतला की पुढची नेटही समाजकार्यातच बरी. या संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प 1990 पासून कैद्यांसोबत काम करतो. असं प्रत्यक्ष काम केलेला शिक्षक वर्गात वेगळाच उठून दिसतो.

आणि खरं सांगू, विषयासाठी तिला सोलापूर सोडायचीही गरज नाही. तुमच्याच शहरातली ‘सेटलमेंट’ ही वस्ती घ्या. इंग्रजांनी 1871 मध्ये काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवणारा कायदा केला, पुढे त्या लोकांना तारेच्या कुंपणात वसवलं, आणि त्यांतले कितीतरी जण गिरण्यांत राबले. कायदा 1952 मध्ये गेला, वस्तीचं नाव राहिलं. एखादा भाग ‘बदनाम’ कसा ठरतो, तिथल्या पोराला संशयावरून आधी का उचलतात, हे पुस्तकाआधी तुम्ही ठाण्यात पाहिलं असेल. शिकागोच्या अभ्यासकांनी शंभर वर्षांपूर्वी हेच धरलं होतं: वस्तीतले लोक बदलले तरी बालगुन्हेगारीचं प्रमाण त्याच भागात चढं राहतं. मग शोधायचं काय, माणसं की जागा? पोरीला हा प्रश्न पडला असेल तर पीएच.डी.चा विषय घरातच बसलाय.

आता पैशाचं बोलू. कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 पासून सुरू होतं, पीएसआयचं 38,600 पासून. कागदावर प्राध्यापकी भारी. पण ‘कायम’ हा शब्द फार महाग झालाय. नेट-सेट झालेली कितीतरी मुलं आज वरिष्ठ महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवतात. तासाप्रमाणे मानधन, तेही उशिरा, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. भरतीची वाट बघण्यात तिशी उलटते. हे मुलीला आत्ताच सांगा, नंतर नको.

मधला आधार जेआरएफचा, म्हणजे संशोधन करणाऱ्यांना मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचा. नेटमध्ये त्यासाठी लागतील तेवढे गुण मिळाले तर संशोधनाला पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये, वर घरभाडं. सेटला ही शिष्यवृत्ती नाही आणि सेट चालते महाराष्ट्र-गोव्यापुरती; पण प्रश्नपत्रिका मराठीतही असते, नेटची इंग्रजी-हिंदीत. दोन्ही द्यायच्या. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न मोकळा सोडायचा नाही.

पीएसआयचं म्हणाल तर ती नोकरी कशी असते हे मी तुम्हाला काय सांगणार! तिला मनापासून हवी असेल तर जरूर. पण नेटचा अभ्यास आणि मैदानाचा सराव एकाच वेळी जमवणारी मुलं दोन्हीकडे कच्ची राहतात, असं मला वाटतं. एम.ए.ची दोन वर्षं तिला निर्धास्त द्या. शेवटच्या वर्षात नेटला बसता येतं. त्यानंतर दोन-तीन प्रयत्नांत जेआरएफ हाती आलं नाही, तर पुन्हा बसून बोला. तोवर एमपीएससीचं वय निघून जात नाही.

या रविवारी तिला एक काम द्या: गेल्या वर्षभरात राज्यातल्या विद्यापीठांच्या आणि कॉलेजांच्या जितक्या जाहिराती सापडतील तितक्या काढायच्या आणि विषयवार जागा मोजायच्या. वहीतला आकडा घेऊन मला परत लिहा.