सीपीआर चालू असताना मेंदूत काय होतं, हे शिकायचंय तिला

ताई, पत्र वाचलं. आजोबांचं हृदय घरातच बंद पडलं, शेजारच्या मुलाने अँब्युलन्स येईपर्यंत सीपीआर दिला, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवलं, आजोबा वाचले, आणि तेव्हापासून बारावी पीसीबीची तुमची लेक एकच विचारतेय की छाती दाबत होते तेव्हा आजोबांच्या मेंदूत काय चाललं होतं. तुम्हाला वाटतं हे खूळ आहे, नीटचं काही खरं नाही, मग पुढे काय.

खूळ अजिबात नाही हो. न्यूयॉर्कचे डॉ. सॅम पार्निया हेच शोधतायत. त्यांच्या टीमने मुख्यतः अमेरिका-ब्रिटनमधल्या २५ हॉस्पिटलमध्ये हृदय थांबलेल्या ५६७ पेशंटचा अभ्यास २०२३ मध्ये छापला. त्यातल्या काहींच्या कपाळावर सीपीआर चालू असतानाच सेन्सर लावून मेंदूतला ऑक्सिजन मोजला, ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, तोही घेतला. हृदय थांबलं की अर्ध्या मिनिटाच्या आत ईईजी सपाट होतो, पण इथे काही जणांत ३५ ते ६० मिनिटं सीपीआर झाल्यावरही नॉर्मल लहरी दिसल्या! खरी अडचण वेगळीच, मिनिटाला १००-१२० वेळा छाती दाबली की डोकंही हलतं, वायरी हलतात, सगळा ग्राफ खराब, मग नाडी बघायला हात थांबतात त्या काही सेकंदांतच नीट वाचता येतं.

आता करिअरचं. या नावाची डिग्री नसते. डॉक्टर व्हायचं तर एमबीबीएस आणि मग अ‍ॅनेस्थेशिया किंवा इमर्जन्सी मेडिसिन, रस्ता लांब आहे आणि नीट लागतेच. मशीन बनवायचं तर बायोमेडिकल इंजिनिअरिंग, पण त्याला सीईटी पीसीएमची, म्हणजे मॅथ्स आहे का ते बघा. मला विचाराल तर ईईजी टेक्नॉलॉजिस्टची लाइन आधी बघा, बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनाच्या आजारांवरच्या संस्थेत क्लिनिकल न्यूरोफिजिओलॉजीचं, म्हणजे मेंदू-नसांच्या अशा तपासण्यांचं बीएससी आहे, प्रवेशाचे नियम मात्र त्यांच्या साइटवरच वाचा.

हे काम मी जवळून बघितलंय. टेक्निशियन ताईंनी टेपने पेशंटचं डोकं मोजलं, नाकाच्या वरच्या खाचेपासून मागच्या उंचवट्यापर्यंत, पेन्सिलने खुणा केल्या, केस बाजूला सारून एकेक इलेक्ट्रोड पेस्टने चिकटवला, आणि तेवढ्या वेळात घाबरलेल्या आजींशी गप्पाही मारत होत्या. लेकीला एक दिवस असं काम दाखवा, जवळच्या न्यूरो हॉस्पिटलमध्ये विनंती केली तर परवानगी मिळू शकते. तिथे तिचं लक्ष पेशंटकडे जास्त जातं की स्क्रीनवरच्या रेषांकडे ते बघा आणि मला कळवा, मॅथ्सचंही लिहा, मग कॉलेजं ठरवू.