अर्धा चंद्र आणि चार केंड

प्रश्न : आम्ही कृष्णेवर भिलवडीच्या अंगाला मरळीसाठी गळ टाकणारी माणसं. मे महिन्यात घरच्यांना घेऊन गुहागरला गेलो होतो. सात फुटी रॉड, आमिषाला कोळंबी. रविवारी सकाळी दहा ते दोन भर उन्हात पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, उभा राहिलो. चार केंड (अंग फुगवणारे मासे) लागले, बाकी काही नाही. संध्याकाळी अर्धा चंद्र डोक्यावर आणि रिकामी पिशवी हातात. लॉजवाला म्हणतो, मेमध्ये मासा नसतोच. खरं का? महिनाअखेरीला परत जायचा विचार आहे.
— एक वाचक, पलूस

उत्तर : तारीख तुम्ही लिहिली नाहीत, पण चंद्रानं ती सांगून टाकली. दिवस मावळताना अर्धा चंद्र डोक्यावर, म्हणजे शुद्ध अष्टमी किंवा तिच्या आगेमागे. अष्टमीला कोकणात भरती साधारण सहाला पुरी होते आणि बाराच्या सुमाराला पाणी तळाला जातं. त्यातून ती भांगाची भरती. पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. तुम्ही दहाला उभे राहिलात आणि दोनला उठलात. अख्ख्या दिवसात पाणी सगळ्यात सुस्त होतं ते नेमके हेच चार तास. मासा मेमध्येही असतो, त्या वेळी तिथे नव्हता इतकंच.

मला हे कळायला दोन वर्षं लागली. मी एस.टी.त ड्रायव्हर होतो, कऱ्हाडहून गुहागर तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावी मुक्कामी गाडी न्यायचो. गाडी सकाळी सहाला सुटायची, त्यामुळे मला गरवायला मिळायचे ते पहाटेचे साडेचार ते साडेपाच. रोज तोच धक्का, तीच वेळ, तोच गळ. एखाद्या आठवड्यात रोज मासा, पुढच्या आठवड्यात नुसता चिखल. मी आमिष बदललं, दोरा बदलला, एकदा तर कंडक्टर बरोबर आला की मासा लागत नाही असंही ठरवून टाकलं. शेवटी तिथले एक म्हातारे चाचा म्हणाले, "ड्रायव्हरसाहेब, तुमची गाडी घड्याळावर सुटते, पाणी तिथीवर सुटतं. कॅलेंडर बघून येत जा."

हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, भरती पुरी होण्याची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. दिवसाही तीच आणि रात्रीही जवळपास तीच. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं. पक्की वेळ हवी असेल तर मोबाइलवर भरतीचं कोष्टक बघा, पण तिकीट काढण्याआधी, लॉजवर पोचल्यावर नाही.

पुळणीवर उभं राहायचं असेल तर अमावास्या किंवा पौर्णिमा धरा, दोन दिवस आगेमागे चालेल. त्या दिवसांत उधाण असतं. पहाटे पाच-साडेपाचला पाणी चढायला लागतं आणि सूर्य वर येईपर्यंत मुडदुशी, बोय असला बारका मासा पाण्याबरोबर काठाला येतो. त्याच्यामागे रावस येतो. आदल्या दिवशी ओहोटीला जाऊन पुळण नीट बघून ठेवा. वाळूत लांबट खळगे दिसतील. भरतीत जिथे लाट फुटत नाही, नुसती फुगून पुढे जाते, तिथे खाली तो खळगा असतो. गळ तिथे पडायला हवा. लांब फेकायचा मोह आवरा, बऱ्याचदा मासा तुमच्या गळाच्या अलीकडे असतो.

खाडीचं उलटं. तिथे चतुर्थी, पंचमी, षष्ठीची पहाट. पाणी रात्री तीन ते साडेचारच्या दरम्यान भरतं आणि उजाडताना सुकतीला, म्हणजे ओहोटीला, लागलेलं असतं. तिवरांत (खाडीकाठच्या खारफुटीच्या झाडांत) शिरलेली कोळंबी आणि बोयची पिल्लं पाण्याबरोबर बाहेर निघतात आणि छोट्या ओहोळाच्या तोंडाशी जिताडा, तांबोशी दबा धरून असतात. मरळीला आपण शेवाळात शोधायला जातो, इथे जेवण मासा आहे तिथे वाहत येतं. तुमचा सात फुटी रॉड खाडीला उत्तम. पुळणीला नऊ-दहा फुटी लागेल. तांबोशी गळ घेतला की सरळ खडपात घुसते, म्हणून लीडर (गळाजवळचा जाड दोरा) चाळीस पौंडाच्या खाली नको.

वाशिष्ठीच्या खाडीत मगरी आहेत. भिलवडीकडच्या माणसाला मगर शिकवायला नको, पण 'खाऱ्या पाण्यात कुठली मगर' असं म्हणून कमरेइतक्या पाण्यात उतरू नका.

केंड खाल्ला नसेल अशी आशा आहे. विषारी असतो आणि शिजवून विष जात नाही. दात पोपटाच्या चोचीसारखे, दोरा कातरतो. लागोपाठ दोन लागले की जागा सोडायची.

महिनाअखेरीचं मात्र जरा जपून. तेव्हा पाऊस लांब असला तरी समुद्र आतून फुगायला लागतो. हेदवीच्या बामणघळीसारख्या कातळावर तर रॉड घेऊन जाऊच नका. वळीव आपल्याकडे येतो तसा तिकडेही येतो, आणि कार्बनच्या रॉडमधून वीज सहज वाहते. लांब गडगडलं तरी रॉड आडवा ठेवून गाडीत जाऊन बसा.

प्रश्न : दाभोळच्या खाडीत नऊ किलोचा जिताडा लागला. फोटो काढून सोडून दिला. भावकी अजून हसते आहे. चुकलो का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : हसू द्या. जिताडा (खाली सिंधुदुर्गात चोणक म्हणतात) आधी नर असतो, वाढला की मादी होतो. नऊ किलोचा म्हणजे जवळजवळ नक्की मादीच. पावसाच्या तोंडाला ती खाडीच्या मुखाशी अंडी घालायला येते. मी एकदा असाच मे महिन्यात अकरा किलोचा घरी आणला होता. गाबोळी निघाली ती परात भरून. कालवण झकास झालं, पण परात आजही आठवते. तेव्हापासून मी दोन-तीन किलोचा एक घरी नेतो, मोठा सोडतो.

सोडताना हात ओले करा, जबड्याला धरून उभा लटकवू नका. पाण्यातच आडवा धरून तोंड प्रवाहाकडे ठेवा आणि त्यानं स्वतः शेपटी मारली की हात काढा.

आणि भावकीला एवढं सांगा, तो मासा अगदीच परका नव्हता. महाबळेश्वर-पाटणला पडलेला पाऊस कोयनेच्या धरणात साठतो, पोफळीच्या वीजघरातून घाटाखाली उतरतो आणि वाशिष्ठीतून दाभोळला जातो. जिताड्याला गोडं आणि खारं दोन्ही चालतं. निम्मं पाणी आपलंच.

प्रश्न : 1 जूननंतर मासेमारी बंद असते. रॉडवाल्यांनाही का?
— एक वाचक, वाई

उत्तर : 1 जून ते 31 जुलै ही बंदी यांत्रिक बोटींना आहे. बिगरयांत्रिकी पारंपरिक होड्या तिच्यात येत नाहीत. भाड्याची बोट घेऊन जायचा बेत असेल तर 31 मेच्या आत. काठावरून म्हणाल, तर जूनच्या समुद्रासमोर उभं राहून मी तरी काही कमावलेलं नाही. एक चप्पल घालवली.

प्रश्न : शिंगाळा मासा गळातून सोडवताना त्याचा काटा अंगठ्यात गेला. रात्रभर ठणका. पुढच्या वेळी काय करायचं?
— एक वाचक, मिरज

उत्तर : शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही कल्ल्यांमागे एकेक असे तीन काटे असतात, तिन्ही विषारी. पक्कड घेऊनच सोडवा. लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास हात बुडवून ठेवा, ठणका उतरतो. उकळतं ओतू नका, विषाच्या वर भाजल्याचं दुखणं होईल. काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर घरी कोरत बसायचं नाही. डॉक्टरकडे जा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. पाकट माशाच्या शेपटीचा काटा लागला तरी हाच इलाज.

गरम पाण्यासाठी मी थर्मास नेतो. दोन न्या, एकात चहा.