ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत एवढे हाल झाले, तरी कंबोडियातले लोक उठले का नाहीत?

अगदीच कोणी उठलं नाही असं नाही हो. १९७५ मध्येच मेकाँगकाठच्या चाम मुसलमानांच्या गावांनी तलवारी काढल्या होत्या, ती गावं पार चिरडली. पण देशभर का नाही, तर मला विचाराल तर याचं उत्तर स्वयंपाकघरात सापडतं.

झालं काय, १७ एप्रिल १९७५ ला राजधानी नॉम पेन्ह त्यांच्या हाती पडलं आणि लगेच अख्खं शहर रिकामं करायला घेतलं, वीसेक लाख माणसं, दवाखान्यातले पेशंटसुद्धा खाटेसकट रस्त्यावर. अमेरिका बॉम्ब टाकणारे, दोन-तीन दिवसांचा प्रश्न आहे, असं सांगून. मग नोटा बाद, बाजार बंद, शाळा बंद. पुढे गावोगाव सगळ्यांनी एकत्रच जेवायचं असा हुकूम निघाला आणि घरातली पातेली-कढया जमा करून घेतल्या. म्हणजे बघा, दिवसभर भातशेतीत राबायचं आणि मूठभर तांदूळ शिजवायला घरात टोप नाही! मिळायची ती पळीभर पेज, शितं मोजून घ्यावीत अशी. बांधावरचा खेकडा गुपचूप भाजून खाल्ला तरी चोरी, कारण सगळं अंगकारचं. ज्याच्या हातात पळी त्याच्याशी भांडणार कोण, आणि कुठल्या ताकदीवर?

अंगकार म्हणजे नुसतं 'संघटना'. तिच्यामागे कम्युनिस्ट पार्टी आहे हे ख्मेर रूजचा म्होरक्या पोल पॉट यानं उघडपणे सांगितलं ते थेट सप्टेंबर १९७७ मध्ये, तोवर आपल्यावर राज्य कोण करतंय हेच लोकांना धड माहीत नाही. अंगकारला अननसासारखे चहूकडे डोळे आहेत असं म्हणायचे, आणि त्यातले बरेच डोळे पोरांचे, जी आईबापांपासून तोडून वेगळी ठेवलेली.

राहिले बंदूकवाले, म्हणजे ख्मेर रूजचेच लोक. त्यांचं काय झालं ते नॉम पेन्हमधल्या ट्वोल स्लेंग या त्यांच्या जुन्या तुरुंगात कळतं, मी गेलोय तिथे. मुळात शाळा आहे ती. फरशी अजून वर्गातलीच, पिवळी-पांढरी, आणि त्यावर विटा रचून केलेल्या कोठड्या, धड पाय पसरता येणार नाहीत एवढ्या. बाहेर चाफा फुललेला. बोर्डावर नियम लिहिलेत, त्यात एक असा की फटके खाताना किंवा शॉक बसताना अजिबात रडायचं नाही. जेलर डुइक पूर्वी गणिताचा मास्तर होता (हे वाचून मी दोन मिनिटं तिथेच उभा). कमीत कमी १२ हजार माणसं इथे आली, जगली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि यातले बहुतेक ख्मेर रूजचेच लोक, म्हणजे ज्यांच्याकडून बंडाची शंका आली ते आधीच उचलले.

१९७८ मध्ये पूर्व भागातल्या केडरवर पाळी आली, तिथला प्रमुख सो फिम यानं स्वतःला गोळी घालून घेतली, काही जण व्हिएतनाममध्ये पळाले. ७ जानेवारी १९७९ ला व्हिएतनामी फौजा नॉम पेन्हमध्ये शिरल्या तोवर ७८ लाखांतले सतराएक लाख तरी गेले होते. आणि त्या फौजांमागून येऊन गादीवर बसले ते हेंग सामरिन, हुन सेन, दोघंही तिकडे पळालेले रूजवालेच.