सात तास कमी दिसताहेत? मग रिन्यूअलच्या फॉर्मवर ती खूण करू नका

तुमची पोस्ट वाचून पोटात गोळा आला. लायसन्स चालू ठेवायला लागणाऱ्या पुढच्या शिक्षणाचे (सीई) तास राज्याच्या अप्रेझर बोर्डाच्या पोर्टलवर २१, हातातल्या सर्टिफिकेटांची बेरीज २८, लायसन्स ३१ डिसेंबरला संपतंय, बोर्डात फोन कुणी उचलत नाही. आणि तुम्ही विचारताय, ‘फॉर्मवर शिक्षण पूर्ण झाल्याची खूण करून पैसे भरून टाकू का? सात तासांचं नंतर बघता येईल ना?’

नका करू. हेच मी २०१८ मध्ये केलं होतं आणि त्याचं शेपूट अजून माझ्यामागे आहे.

आधीच सांगते, मी वकील नाही. अमेरिकेत सर्टिफाइड रेसिडेन्शियल अप्रेझर आहे, म्हणजे कर्जासाठी घरांची किंमत ठरवून देते; मूळची कोल्हापूरची आर्किटेक्ट, इथे येऊन या धंद्यात पडले. माझं राज्य तुमचं राज्य असेलच असं नाही आणि प्रत्येक राज्याचं बोर्ड आपलं वेगळं घोडं दामटतं. तेव्हा मी लिहिते ते स्वतःच्या बोर्डाच्या नियमांशी ताडून घ्या. वर्षाला १४ तास, दोन वर्षांना २८, हे सगळं तुम्हाला पाठ असणारच, त्यात शिरत नाही.

माझं रिन्यूअलचं दोन वर्षांचं चक्र जुलै २०१६ ते जून २०१८ असं होतं. ऑगस्ट २०१६ मध्ये एका हॉटेलच्या हॉलमध्ये बसून एफएचएच्या (घरकर्जांचा विमा उतरवणारी सरकारी संस्था) अप्रेझलवरचा सात तासांचा कोर्स केला. त्यांचं नवं नियमपुस्तक, हँडबुक ४०००.१, लागू होऊन वर्षही झालं नव्हतं, त्यामुळे हॉल गच्च भरलेला. एसी इतका गार की मी ओढणी कानाला गुंडाळून बसले होते. १९७८ पूर्वीच्या घराचा रंग सोलवटला असेल तर काय लिहायचं, अ‍ॅटिकमध्ये (छपराखालच्या माळ्यात) निदान डोकं आणि खांदे आत घालून बघायचंच, अशा गोष्टी. सर्टिफिकेट आणून फाइलमध्ये लावलं आणि कामाला लागले.

मे २०१८ मध्ये मोजलं तर २१. त्याच संस्थेची सवलतीची ईमेल येऊन पडली होती, तीतला एक सात तासांचा ऑनलाइन कोर्स घेतला. मुलं झोपल्यावर तीन रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून पुरा केला. अ‍ॅटिकचा प्रश्न आला, उत्तर बरोबर. सोलवटलेल्या रंगाचा आला, तोही बरोबर. मला वाटलं, वा, आपण आता या विषयात मुरलो! तोच कोर्स आपण दुसऱ्यांदा करतोय हे डोक्यातसुद्धा आलं नाही. नावात दोन शब्द वेगळे होते, आणि वर्गातल्या कोर्सचा मंजुरी क्रमांक वेगळा, ऑनलाइनचा वेगळा. बोर्डाने मात्र मजकूर बघितला आणि दोन्ही एकच धरले.

नियम देशभरासाठी किमान निकष ठरवणाऱ्या अप्रेझर क्वालिफिकेशन्स बोर्डाच्या निकषांतच आहे: यूसपॅपचा (अप्रेझलच्या कामाची देशभराची नियमावली) सात तासांचा अपडेट सोडला तर एका चक्रात तोच कोर्स पुन्हा केल्यास त्याचे तास मिळत नाहीत. तुमचे नेमके सातच तास गायब आहेत म्हणून माझा पहिला संशय तिकडेच जातो. सगळी सर्टिफिकेटं जमिनीवर पसरा आणि कोर्सचं नाव, संस्था, मंजुरी क्रमांक, तारीख एकेक करून वाचा. तारीख विशेष बघा. मागच्या चक्राच्या शेवटच्या आठवड्यात केलेला कोर्स आपण सवयीने या चक्रात मोजतो. कदाचित यातलं काहीच नसेल आणि संस्थेने तुमचे तास बोर्डाला कळवायचेच राहिले असतील. तसं असेल तर संस्थेला एक फोन केला की सुटलात.

आता त्या खुणेबद्दल. तेव्हा आमच्याकडे पोर्टलवर तास दिसत नसत. फॉर्मवर एक चौकट होती, तिच्यापुढे लिहिलेलं की मी या चक्रातलं सर्व शिक्षण पूर्ण केलं आहे आणि हे विधान खोटं ठरल्यास कारवाईला पात्र राहीन. जूनच्या शेवटच्या आठवड्यात दोन रिपोर्ट डोक्यावर असताना मी ती चौकट न वाचता खूण केली. पैसे भरले. लायसन्स आलं. विषय संपला असं वाटलं.

त्या उन्हाळ्यात आम्ही घर बदललं. पत्ता बदलल्याचं पोस्टाला कळवलं, बँकेला कळवलं, मुलांच्या शाळेला कळवलं. बोर्डाला कळवलं नाही. ऑक्टोबरमध्ये ऑडिटचं पत्र आलं ते पोस्टाची पिवळी पट्टी चिकटून, जुन्या पत्त्यावरून फिरत फिरत. उत्तर द्यायची मुदत उलटून नऊ दिवस झाले होते. (तुम्ही गेल्या दोन वर्षांत घर किंवा ऑफिस बदललं असेल तर वाचन थांबवून आधी बोर्डाकडचा पत्ता बघून या. खरंच.)

मग ऑफिसची प्रदक्षिणा सुरू झाली. फोन केला की ‘ईमेल करा’. ईमेल केली की आपोआप येणारं उत्तर, ‘तातडीच्या कामासाठी फोन करा’. शेवटी एका दुपारी एक बाई फोनवर भेटल्या. बोलायला गोड. म्हणाल्या, ‘अहो, सात तास करून सर्टिफिकेट पाठवा, मिटून जाईल.’ मी त्याच आठवड्यात दुसरा कोर्स केला, सर्टिफिकेट पाठवलं, आणि नवऱ्याला म्हटलं, माणसं चांगली असतात रे, आपणच घाबरतो.

चार महिन्यांनी जाडजूड लिफाफा आला. औपचारिक तक्रार. त्यात सात तास कमी पडल्याचा उल्लेख एका ओळीत होता, बाकी अख्खं पान त्या चौकटीवर. खोटं विधान करून रिन्यूअल मिळवलं, असं. मी त्या फोनचा हवाला दिला तर कळलं की त्या बाई आता तिथे नाहीत आणि फोनची नोंदही नाही. माझ्याकडे तरी काय होतं? कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिलेलं ‘बोर्डाशी बोलले, ओके’.

सगळ्यात महाग पडलं ते हे. कोर्स दोनदा केला त्याचं नुकसान सात तासांचं. पण फोनवरच्या गोड बोलण्यावर विसंबून मी ‘तुम्ही सांगितलंत त्याप्रमाणे पाठवत आहे’ एवढी एक ओळ ईमेलने टाकली नाही. शेवटी संमतीने आदेश झाला: हजार डॉलर दंड आणि नीतिमूल्यांवरचा एक कोर्स, ज्याचे तास रिन्यूअलला धरायचे नाहीत. आदेश बोर्डाच्या वेबसाइटवर कुणालाही दिसतो. बँकांच्या वतीने कामं वाटणाऱ्या दोन अप्रेझल मॅनेजमेंट कंपन्यांनी मला यादीतून काढलं, कारण न देता. व्यावसायिक विम्याचा फॉर्म दरवर्षी विचारतो, ‘तुमच्यावर कधी शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का?’ त्या ‘कधी’ला मुदत नसते. मी दरवर्षी तेच दीड पानी स्पष्टीकरण तारीख बदलून जोडते.

वर एका सदस्यांनी लिहिलंय की ऑडिट थोड्याच लोकांचं होतं, बिनधास्त भरून टाका. त्यांचं कधी झालेलं दिसत नाही. शिवाय माझ्या वेळी बोर्डाला माझे तास आधी माहीत तरी नव्हते. तुमच्या बाबतीत बोर्डाच्या स्वतःच्या पोर्टलवर २१ लिहिलेलं आहे आणि त्याच्याच खाली तुम्ही २८ झाले म्हणून खूण करणार. म्हणजे चोरानेच हातात कंदील धरल्यासारखं. आणि कृपा करून ‘रिन्यूअल होऊ दे, आठवडाभर उशीर झाला तर काय’ असंही करू नका. लायसन्स संपल्या दिवसापासून बँकेच्या कर्जासाठी लागणारं काम तुम्हाला सही करून देता येत नाही. कर्ज देणारे अप्रेझरांची नॅशनल रजिस्ट्री बघतात, तुमचं नाव तिथे बंद दिसलं की हातातल्या ऑर्डरी परत जातात. (त्या रजिस्ट्रीची फी आपल्याच रिन्यूअलच्या पैशांतून जाते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. स्वतःचं नाव तिथे कसं दिसतं ते कधीतरी उघडून बघा, फुकट आहे.)

तीन आठवडे हातात आहेत, म्हणजे भरपूर आहेत. तास खरंच कमी भरत असतील तर या आठवड्यातच सात तासांचा एक कोर्स उरका. तुमच्या राज्याने मंजूर केलेल्या यादीतला, ऑनलाइन असेल तर ऑनलाइन म्हणून मंजूर झालेला, आणि या चक्रात आधी न केलेला. नाताळच्या आठवड्यावर ढकलू नका. संस्थेत माणसं नसतात, बोर्डात तर नाहीच नाही. ऑनलाइन कोर्सला घड्याळ लावलेलं असतं, पटापट पानं उलटून सात तासांचे तीन होत नाहीत. मी प्रयत्न करून बघितलाय.

यूसपॅपचंही घड्याळ वेगळं आहे, तुम्ही त्याबद्दल लिहिलं नाहीत म्हणून सांगते. तो अपडेट दर दोन कॅलेंडर वर्षांत एकदा लागतो, म्हणजे फेब्रुवारी २०२४ मध्ये केला असेल तर पुढचा ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत. २०२४ ची आवृत्ती संपायची तारीख न घालताच काढली आहे, त्यामुळे ‘नवीन पुस्तक आलं की करू’ म्हणून बसलात तर फसाल. पूर्वी दोन-दोन वर्षांच्या आवृत्त्या निघायच्या तेव्हा पुस्तकच आठवण करून द्यायचं. शिवाय व्हॅल्युएशन बायस आणि फेअर हाउसिंगचा (किंमत ठरवताना होणारा पक्षपात आणि घरांबाबतचा भेदभाव) कोर्स निकषांत १ जानेवारी २०२६ ही तारीख घालून आला, पहिल्यांदा ७ तास, पुढे ४. तुमचं बोर्ड तो कसा मागतंय ते त्यांच्याच पानावर वाचा, फेसबुकवर नव्हे.

बोर्डाला आजच ईमेल करा. थोडक्यात: माझ्याकडे अमुक अमुक सर्टिफिकेटं आहेत, पोर्टलवर २१ दिसतात, कोणता कोर्स धरलेला नाही ते कळवावं. सर्टिफिकेटं जोडा. उत्तर नाही आलं तरी तुम्ही विचारलं होतंत याचा कागद राहतो. फोनवर कुणी काही सांगितलं तर फोन ठेवल्या ठेवल्या तेच त्यांना ईमेलने लिहा.

एकूण या सीई प्रकरणाबद्दल माझं मत फार बरं नाही. कल्पना चांगली आहे. १९८० च्या दशकात बचत आणि कर्ज देणाऱ्या संस्था बुडाल्या, फुगवलेली अप्रेझलं हेही त्यातलं एक कारण होतं, म्हणून १९८९ च्या फेडरल कायद्यातून आपली ही लायसन्सं आली. पण दर दोन वर्षांनी त्याच स्लाइड्स, तेच विनोद, आणि पन्नास मिनिटांचा एक तास. पुण्यातला माझा वर्गमित्र तिकडे रजिस्टर्ड व्हॅल्युअर आहे, त्यांच्याकडेही २०१७ च्या नियमांनुसार आरव्हीओने (व्हॅल्युअरांच्या संघटनेने) सदस्यांच्या पुढच्या शिक्षणाची सोय करायची असते. त्याला स्लाइड्सचं सांगितलं तर म्हणाला, तुमच्यापर्यंतही पोचल्या का?

मला खरोखर उपयोगी पडलेली एकच गोष्ट सांगते, तुमच्या प्रश्नाशी तिचा संबंध नाही. बोर्डाची सभा लोकांना खुली असते, तिला जाऊन बसा. सभा किमान दोन तासांची असेल तर राज्य तिचे तास देऊ शकतं, एका चक्रात एकाच सभेचे आणि जास्तीत जास्त सात. देतं का ते आधी विचारा. माझी केस संपल्यावर मी गेले होते. मागच्या रांगेत बसून अडीच तास ऐकलं. कुणी कम्पॅरेबल्स (तुलनेसाठी धरलेली विकली गेलेली घरं) चुकीचे घेतले होते, कुणी घर न बघता सही केली होती. आणि तीन केसेस अशा होत्या की अध्यक्षांनी केसचा नंबरही पूर्ण वाचला नाही, नुसतं म्हणाले, ‘सीई, फॉल्स स्टेटमेंट,’ आणि पान उलटलं.

सर्टिफिकेटं पसरून बघितलीत की कोणते सात तास गेले ते इथेच लिहा. कोर्सची नावं टाकलीत तरी चालेल, लायसन्स नंबर टाकू नका. बोर्डाला लिहायच्या ईमेलचा माझा जुना मसुदा कुठेतरी आहे, रविवारी शोधून नंबरबिंबर काढून टाकते.