रीगा नको, खेडी दाखवा!

प्रश्न : मुलगा रीगाला शिकतो. ऑगस्टमध्ये आम्ही दोघं लात्व्हियाला जातोय. शहरांची हौस नाही. जुनी घरं, तळी, रानं बघायचीत. कुठं जावं? शाकाहारी आहोत. — एक निवृत्त शिक्षिका, उदगीर

उत्तर : बाई, डोळे झाकून पूर्वेकडचा लाटगाले प्रांत धरा. रशिया, बेलारूस, लिथुआनिया, तिन्ही देश त्याला लागून. उदगीरच्या बाजारात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू ऐकत वाढलेल्या माणसाला तिथं परकं वाटत नाही. लाटगाली, रशियन, पोलिश, बेलारूसी, सगळं कानावर पडतं.

मुक्काम राझ्ना तळ्याकाठी एखाद्या शेतघरात करा. जवळपास ५७ चौरस किलोमीटरचं हे तळं देशात दुसऱ्या क्रमांकाचं. भोवती २००७ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. शेजारच्या माकोनकाल्न्स टेकडीवर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. चढ सोपा, वरून तळं दिसतं.

पण माझं ऐकाल तर एक अख्खा दिवस कुंभाराला द्या. तिथली काळी भांडी रंगवलेली नसतात. लाकडाच्या भट्टीत शेवटी राळ असलेली लाकडं टाकून भट्टीची तोंडं लिंपून घेतात. हवा तुटते, धूर कोंडतो आणि मातीत मुरतो. मी एक मधाचं मडकं हातात घेतलं होतं. बाहेरून शिसपेन्सिलीसारखी मंद चकाकी, आत कुंभाराच्या बोटांच्या गोल रेघा. जाण्याआधी फोन मात्र करा, भट्टी रोज पेटत नाही.

दौगाव्हपिल्स शहराजवळ, दौगाव्हा नदीच्या वळणांवर स्लुतिश्की गाव आहे. सतराव्या शतकात रशियन चर्चमधले बदल नाकारून आलेल्या 'जुन्या श्रद्धाळूं'ची वस्ती. ओंडक्यांची घरं, खिडक्यांना कोरीव चौकटी. घरं राहती आहेत, विचारल्याशिवाय फाटक उघडू नका.

१५ ऑगस्टला आग्लोनाच्या चर्चला दूरदूरचे लोक पायी येतात. बघण्यासारखं आहे, पण मुक्कामाची सोय आधीच करा.

गाडी भाड्यानं घ्या, खेड्यांत बस कमी. पासपोर्ट जवळ ठेवा. सीमेलगतच्या पट्ट्यात परवान्याशिवाय जाता येत नाही. पाटी दिसली की मागं फिरा.

जेवणाची काळजी नको. राय नावाच्या धान्याची काळी भाकरी म्हणा की पाव, बटाट्याची धिरडी, ताजं पनीर, रानातल्या बेरी मिळतात. सूप घेताना मात्र मांस आहे का, ते मुलाला आधी विचारायला सांगा.