अणुरचना डोक्यात जात नाही म्हणून सायन्स सोडायचं का?

केमिस्ट्रीच्या पहिल्याच धड्यात अडकलेली मुलं माझ्याकडे नेहमी येतात आणि सगळ्यांची काळजी साधारण एकच असते, की अणुरचनाच कळत नाही तर पुढचं काय कळणार, त्यापेक्षा आत्ताच सायन्स सोडलेलं बरं नाही का. त्यातल्या एका मुलीबद्दल लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

आईबरोबर आली होती. आई म्हणाली दिवसभर घोकत बसते तरी पेपरात काही जमत नाही. मुलगी मान खाली घालून बसलेली. मी मार्कांचा विषयच काढला नाही, कागद दिला आणि म्हटलं सोडियमचं इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन, ते लिही बघू. पटकन लिहिलं, २, ८, १. बरोबर. मग पोटॅशियम सांगितलं, अणुअंक १९, म्हणजे १९ इलेक्ट्रॉन. तिने २, ८, ९ लिहिलं आणि लगेच खोडायला लागली, कारण पेपरात नेमकी इथेच फुली पडली होती. म्हटलं थांब, खोडू नकोस, आधी ९ का लिहिलंस ते सांग. तर म्हणाली, "तिसऱ्या कवचात दोन एन वर्ग, एन म्हणजे कवचाचा क्रमांक, म्हणजे १८ इलेक्ट्रॉन मावतात ना, मग ९ का नाही मावणार? वर्गात विचारलं तर म्हणाले तसंच असतं, पाठ कर."

आता या मुलीला मठ्ठ कोण म्हणेल? तिने शिकवलेला नियम अगदी नीट लावला होता, फक्त नियमाची दुसरी बाजू तिला कोणी सांगितलीच नव्हती. १८ म्हणजे त्या कवचात जास्तीत जास्त किती मावतात तो आकडा, भरण्याचा क्रम वेगळा असतो. पोटॅशियमच्या अणूत चौथ्या कवचातली फोर-एस ही जागा तिसऱ्या कवचातल्या थ्री-डीपेक्षा कमी ऊर्जेची असते, म्हणून एकोणिसावा इलेक्ट्रॉन तिकडे जातो आणि उत्तर २, ८, ८, १ होतं. आणि हे नुसतं म्हणायचं म्हणून नाही. पोटॅशियमचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे साधारण ४१९ किलोज्यूल ऊर्जा लागते आणि दुसरा काढायला ३०५२, म्हणजे सातपटीहून जास्त. शेवटचे ९ एकाच कवचात असते तर पहिल्या आणि दुसऱ्यात एवढी मोठी उडी दिसली नसती, म्हणजे एक इलेक्ट्रॉन बाकीच्यांपासून लांब, एकटा आहे.

ती म्हणाली, "म्हणजे हे कुणीतरी मोजलंय?"

खरी अडचण इथे होती बघा. तिला वाटत होतं की हे सगळं कुणीतरी बसून ठरवलंय आणि आपण ते गिळायचं. थॉमसन, रदरफोर्ड, बोर, प्रत्येक मॉडेल शिकवायचं आणि पुढच्या पानावर ते चुकीचं म्हणायचं, मग पाठ कशाला करायचं, हा तिचा राग होता, आणि मला तो रास्त वाटतो. तिला म्हटलं, मॉडेलचं नाव पाठ करू नकोस, प्रत्येकापुढे एवढंच लिही की असं काय दिसलं जे आधीच्या चित्रात बसेना. १८९७ मध्ये थॉमसनने इलेक्ट्रॉन दाखवला, म्हणजे अणूच्याही आत काहीतरी आहे. त्याने धनभार अणूभर पसरलेला मानला होता. १९०९ मध्ये रदरफोर्डच्या हाताखाली गायगर आणि मार्सडेनने धातूच्या पातळ पत्र्यांवर अल्फा कण, म्हणजे धनभार असलेले वेगवान कण, सोडले, बहुतेक सरळ आरपार गेले पण अगदी थोडे चक्क मागे फिरले, पसरलेल्या भाराने हे होणं शक्यच नाही, म्हणून १९११ मध्ये केंद्रक आलं, म्हणजे सगळा धनभार मधोमध एकवटलेला. पण मग केंद्रकाभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावून आत पडायला हवा, तो पडत कसा नाही? १९१३ मध्ये बोरने ठराविक कक्षा मांडल्या, हायड्रोजनच्या प्रकाशातल्या रेषा त्यातून अचूक निघाल्या, आणि पुढच्याच हीलियमला गाडी अडली. तिथून १९२६ च्या श्रोडिंगरच्या समीकरणाकडे आणि ऑर्बिटलकडे, म्हणजे इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता जास्त असलेल्या जागेकडे, जायचं. त्यामुळे बोर चुकीचा म्हणून फेकायचा नाही, तो कुठपर्यंत चालतो ते माहीत असलं की झालं.

आईला सांगितलं, काही दिवस "पाठ झालं का" हा प्रश्न बंद, त्याऐवजी "हे कशावरून कळलं" असं तिला विचारा, तुम्हाला स्वतःला उत्तर येत नसलं तरी चालेल, ती तुम्हाला समजावून सांगेल आणि तेच तिचं रिव्हिजन.

आणि सायन्स सोडायचं का? आवडच नसेल तर जरूर सोडा, त्यात कमीपणा काहीच नाही. पण आवड आहे आणि फक्त एका धड्याची भीती बसलीय तर आधी वरच्यासारखं एखादं उत्तर काढून बघा, मूल नेमकं कुठे अडलंय आणि का, आणि मगच ठरवा. ही मुलगी सायन्समध्येच आहे. क्वांटम नंबर, म्हणजे अणूतल्या इलेक्ट्रॉनचा जणू पत्ता सांगणारे आकडे, तिला अजून जड जातात, मधे एकदा क्रोमियम घेऊन आली, क्रमाने थ्री-डीमध्ये ४ आणि फोर-एसमध्ये २ यायला हवेत पण पुस्तकात ५ आणि १ आहेत, हे कशावरून. मी तिला थेट केमिस्ट्रीच्या शिक्षकांकडे पाठवलं, प्रश्न वहीत लिहून घेऊन.